मनोरुग्णांची समाजातील शुश्रूषा : यशाचा छेद कोणता?

वैद्यकीय शिबिरांच्या अहवालांत एक वाक्य ठरून गेलेले असते. तज्ज्ञ डॉक्टरांनी अमुक इतक्या रुग्णांची तपासणी केली व त्यांना मोफत औषधे देण्यात आली, असे ते वाक्य. नेत्रशिबिराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी पुरेसे आहे. मोतीबिंदू काढला, भिंग बसविले, आजोबांना नातवाचा चेहरा दिसू लागला; काम तडीस गेले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णास पंधरा दिवसांच्या गोळ्या हाती दिल्या तर मात्र काम तडीस गेलेले नसते. ते जेमतेम सुरू झालेले असते आणि सोळाव्या दिवशी ते चालू आहे की नाही, हे त्या अहवालावरून कधीच कळत नाही. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींची शुश्रूषा रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, त्यांच्या घरी व गावी व्हावी हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर समाजात राहण्याचा हक्कच या व्यक्तींना दिला आहे. तथापि, अशी सेवा यशस्वी झाली असे केव्हा म्हणावे, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

बालरोगतज्ज्ञाने या विषयात लेखणी का उचलावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याची दोन कारणे आहेत. एक कारण पुढे ओघाने येईल. दुसरे हिशेबाचे आहे. लसीकरणाच्या कामाने आम्हा बालरोगतज्ज्ञांना एक सवय लावली आहे. वर्षभरात किती डोस टोचले, या आकड्यावर तेथे कोणी समाधान मानत नाही. गावात जन्मलेल्या शंभर बालकांपैकी किती जणांना गोवराची लस मिळाली आणि पहिला डोस घेतलेल्यांपैकी तिसऱ्या डोसापर्यंत किती गळाले, हे विचारले जाते. शाळेतील अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचे तर आम्ही अंश सांगण्यापूर्वी छेद सांगतो. मनोरुग्णसेवेच्या बहुतेक अहवालांत अंश असतो, छेद नसतो.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यापुरता हा छेद मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ७,५७,८४७ होती; त्यानंतरची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून तोच आकडा घेणे भाग आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले व त्यांत मध्य प्रदेशही होता. त्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ०.४ टक्के व्यक्तींना त्या वेळी स्किझोफ्रेनिया अथवा तत्सम मनोविकृती असल्याचे आढळले. आपल्या जिल्ह्यातील प्रौढांची संख्या साधारण सव्वाचार-साडेचार लाख धरली, तर खकनार, नेपानगर, शाहपूर, धूळकोट आणि खुद्द शहर मिळून असे दीड ते दोन हजार रुग्ण असावेत. तीव्र मानसिक आजारांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे त्याच पाहणीने नोंदविले आहे. म्हणजे अकराशे ते पंधराशे माणसे कोणत्याही डॉक्टरांच्या रजिस्टरात नाहीत. ती माळ्याखालच्या खोलीत, केळीच्या मळ्यातील झोपडीत, बसस्थानकावर किंवा रेल्वेफलाटावर आहेत. शिबिरास ऐंशी रुग्ण आले ही बातमी या पार्श्वभूमीवर वाचावी लागते.

छेद विसरल्याने काय होते याचे जगातील ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. नवी औषधे आली, १९६३ मध्ये समाजाधारित केंद्रांचा कायदा झाला आणि पुढील दोन-तीन दशकांत ही रुग्णालये वेगाने रिकामी होत गेली. यशाचे माप होते रिकामी झालेली खाट. बाहेर पडलेला माणूस कोठे गेला, हे त्या मापात बसत नव्हते. समाजातील केंद्रे पुरेशा संख्येने उभी राहिली नाहीत आणि अनेक रुग्ण रस्त्यांवर व तुरुंगांत जाऊन पोचले. भारतापुढे ही अडचण वेगळ्या रूपात आहे. एवढ्या मोठ्या देशात सरकारी मनोरुग्णालयांतील खाटा वीस हजारांच्या आसपास आहेत. आपल्याकडे रुग्ण मुळात घरीच होता आणि आहे. तेव्हा रुग्ण घरी आहे, एवढ्यावरून समाजातील शुश्रूषा चालू आहे असे मानणे म्हणजे उपेक्षेलाच सेवा म्हणणे होय. भारतीय कुटुंबव्यवस्थेमुळे आपले रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा लवकर बरे होतात, हा समज जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या बहुराष्ट्रीय अभ्यासांतून रूढ झाला. त्यांत भारतातर्फे आग्र्याचाही समावेश होता. व्याख्यानांत हे वाक्य टाळ्या घेते. पुढील काळात अनेक संशोधकांनी ते पुन्हा तपासले आणि चित्र इतके सरळ नाही, असे दाखविले. कुटुंब हे बळ आहे याबद्दल दुमत नाही. परंतु ते बळ गृहीत धरून हात झटकता येत नाहीत.

आता आपल्या निमाडातील उदाहरणाकडे वळू. बुऱ्हाणपूर पूर्व निमाडातले, बडवानी पश्चिम निमाडातले. आपल्याला ताप्ती, त्यांना नर्मदा. बडवानीजवळ आशाग्राम ही संस्था मूळची कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी उभी राहिली. त्याच संस्थेने पुढे तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी ग्रामीण, बहुतांशी आदिवासी भागात समाजाधारित पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. डॉ. सुदीप्तो चटर्जी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन करून ते ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये प्रसिद्ध केले. साल होते २००३, म्हणजे बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तेच. आपल्या शेजारी झालेल्या आणि जगभर वाचल्या गेलेल्या या कामाची माहिती आपल्याच भागातील वैद्यकीय वर्तुळात फार थोड्यांना आहे, याचे मला नेहमी नवल वाटते.

कार्यक्रमाची रचना तीन थरांची होती. वरच्या थरात मानसोपचारतज्ज्ञांचा बाह्यरुग्ण विभाग. मधल्या थरात गावांतूनच निवडून प्रशिक्षित केलेले कार्यकर्ते. आणि तळाशी कुटुंबीय व गावातील जाणती माणसे यांच्या समित्या. कार्यकर्ता घरी जाई, गोळ्या घेतल्या जातात का पाही, आजार म्हणजे काय हे घरच्यांना त्यांच्या बोलीत समजावी आणि रुग्णास हळूहळू कामाकडे वळवी. तुलनेसाठी केवळ बाह्यरुग्ण विभागात उपचार घेणारे रुग्ण होते. एकूण २०७ रुग्ण; पैकी १२७ समाजाधारित पुनर्वसनात आणि ८० केवळ बाह्यरुग्ण उपचारांत. बारा महिन्यांनी मोजणी झाली.

तिचा निष्कर्ष बारकाईने वाचण्याजोगा आहे. पुनर्वसन गटातील रुग्ण आरंभी अधिक अक्षम होते, तरीही त्यांपैकी ६३ टक्के वर्षभर पूर्णपणे नियमित राहिले. बाह्यरुग्ण गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. नियमित राहिलेल्या ११७ जणांची तुलना केली असता पुनर्वसन गटातील अक्षमता अधिक कमी झालेली दिसली, विशेषतः पुरुषांत. येथे चिकित्सक वाचकाने दोन ठिकाणी थांबावे. पहिले असे की ही रँडमाइज्ड चाचणी नव्हती. दुसरे असे की ज्या यशाची आपण तुलना करतो ते ११७ जणांचे आहे. उरलेल्या ९० जणांनी उपचार अर्धवट घेतले वा सोडले. पुनर्वसन गटातच जे नियमित नव्हते त्यांचे परिणाम लक्षणीय प्रमाणात उणे होते, हे संशोधकांनी झाकून ठेवलेले नाही. माझ्या मते या निबंधाचे खरे मोल तेथेच आहे. कार्यकर्ता घरी जाऊनही शंभरांतले सदतीस पूर्ण नियमित राहिले नाहीत, हा आकडा छापण्याचे धैर्य आपल्या किती अहवालांत असते? आणि फायदा पुरुषांत अधिक का दिसला, हा प्रश्न तर स्त्रीरुग्णांच्या बाबतीत काम म्हणजे काय धरायचे येथपर्यंत जातो. पुरुष मजुरीला जाऊ लागला की सुधारणा डोळ्यांना दिसते. बाई पहाटे उठून पुन्हा भाकऱ्या थापू लागली, तर ते कोणत्या रकान्यात लिहावे?

याच कार्यक्रमाचा दीर्घ मागोवा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २५६ रुग्णांचा तो समूह होता आणि पाठपुरावा सुमारे चार वर्षांचा. समूहातील ८३.५ टक्के लोक कार्यक्रमाशी जोडलेले राहिले व एकंदर अक्षमता लक्षणीय घटली. कोणाचे बरे झाले? ज्यांची अक्षमता आरंभी कमी होती, ज्यांच्या कुटुंबाने कार्यक्रमात सहभाग घेतला, ज्यांनी औषधे नियमित घेतली आणि जे स्वमदत गटाचे सदस्य झाले, त्यांचे. कोणाचे बिघडले? ज्यांना औपचारिक शिक्षण नव्हते, ज्यांचे निदान स्किझोफ्रेनियाचे होते आणि जे मधूनच गळाले, त्यांचे. या यादीत गोळी आहे; पण गोळी एकटी नाही. गावातील चार माणसांबरोबर सतरंजीवर बसण्याचा अधिकार मिळणे हाही परिणामाचा स्वतंत्र निर्धारक ठरला, ही गोष्ट औषधविक्रेत्यांच्या पुस्तिकेत आपल्याला वाचावयास मिळत नाही.

बडवानीच्या कामात जी रँडमाइज्ड तुलना नव्हती, ती पुढे झाली. सातारा, गोवा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम् अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवरील ही चाचणी लॅन्सेटमध्ये २०१४ साली छापली गेली. १८७ जणांना तज्ज्ञांच्या उपचारांसोबत गृहभेटी देणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची जोड मिळाली, ९५ जणांना केवळ तज्ज्ञांचे उपचार. वर्षाअखेर लक्षणांच्या मोजपट्टीवर दोन्ही गटांतील फरक ३.७५ गुणांचा होता. ही मोजपट्टी ३० पासून २१० गुणांपर्यंत जाते हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक किती किरकोळ आहे ते कळते. संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही तो निर्णायक ठरला नाही. अक्षमतेच्या मोजपट्टीवरचा फरक मात्र निर्णायक ठरला, जरी तोही मोठा नव्हता. समाजातील कलंक आणि कुटुंबीयांवरील भार यांत फरक पडला नाही. अशी सेवा जेथे अन्य सोयी दुर्मीळ आहेत अशा ग्रामीण भागात आरंभीची सेवा म्हणून उपयुक्त ठरेल, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. माफक यशाला माफक म्हणण्याची ही रीत मला आवडली. एकाच चाचणीत लक्षणांवर जवळजवळ काही नाही, कामकाजावर थोडे, भारावर शून्य, अशी तीन उत्तरे येतात. यांपैकी कोणते उत्तर "यश" या शब्दाखाली लिहावयाचे, हे चाचणी सांगत नाही; ते आपण ठरवितो.

येथे घरातला एक अनुभव विचारात घ्यावा लागतो. पूर्वी ओरडणारा, भांडी फेकणारा, रात्री गल्लीत फिरणारा तरुण औषधांनी शांत होतो. "आता त्रास देत नाही," असे घरचे म्हणतात. फॅमिली डॉक्टर समाधानाने मान डोलावतात. परंतु हा शांत झालेला तरुण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो, आंघोळीला चार वेळा सांगावे लागते, हात थरथरतात, लाळ गळते आणि जेवणाव्यतिरिक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही. त्रास संपला तो घराचा. त्याचा स्वतःचा संपला का, हे त्याला विचारलेच जात नाही. आजाराची गडबड करणारी लक्षणे औषधांनी तुलनेने लवकर आटोक्यात येतात. उमेद, पुढाकार व बोलणे हरपण्याची जी लक्षणे असतात ती रेंगाळतात, आणि त्यांवर गोळीपेक्षा माणसाचा सहवास व नेमाने दिलेले काम अधिक उपयोगी पडते. म्हणून शांतता हे माप शेजाऱ्यांचे आहे, वैद्याचे असू नये. कुटुंबाचे आणखी एक माप असते, ते लग्नाचे. लग्न लावून दिले, म्हणजे मुलगा मार्गी लागला! आजार लपवून लावलेल्या लग्नाचे भोग कोणाच्या वाट्याला येतात, हे माहेरी परतलेल्या मुलींना विचारावे.

आपल्या व्यवसायबांधवांसाठी सांगतो की कामकाज मोजण्याचे भारतीय साधन उपलब्ध आहे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २००२ च्या सुमारास तयार केलेली 'आयडियाज्' ही मोजपट्टी चार बाबी पाहते : स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येकीस शून्य ते चार गुण. त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवितात. घरकाम हे तिच्यात काम म्हणूनच मोजले जाते, हे विशेष. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही तीच वापरली जाते. साधी आहे, सवयीने थोड्या वेळात भरता येते. शिबिराच्या आरंभी एकदा आणि वर्षाने पुन्हा ती भरली, तर आपल्याजवळ सांगण्याजोगे काही असेल. आम्ही बालकाचे वजन एकदाच करून कधी समाधान मानत नाही. वृद्धीचा आलेख म्हणजे बिंदूंना जोडणारी रेषा. येथेही एका बिंदूला अर्थ नाही.

ही झाली जे सेवेपर्यंत पोचले त्यांची गोष्ट. न पोचलेल्यांचा हिशेब अमरावती जिल्ह्यात फार चांगला मांडला गेला. मेळघाट ओलांडला की अमरावती आपली सख्खी शेजारीण. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तेथील तीस गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबविला गेला आणि डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यांनी दवाखान्यात आलेले रुग्ण मोजले नाहीत. गावातील प्रौढांची पाहणी करून ज्यांना नैराश्य आहे अशांपैकी किती जणांनी उपचार घेतले ते मोजले. आरंभी हे प्रमाण ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांनी २७.२ टक्के झाले. म्हणजे कार्यक्रमानंतरही शंभरातील त्र्याहत्तर जण दूरच राहिले होते. तरीही ही सहापट वाढ आहे आणि तिला यश म्हणावयास हरकत नाही, कारण छेद समोर आहे. याउलट आपल्याच राज्यातील सीहोर जिल्ह्यात सरकारी आरोग्यकेंद्रांत मानसिक आरोग्याची सेवा जोडण्याचा मोठा प्रयत्न झाला. तेथील 'मनकक्ष' ही कल्पना पुढे राज्यातील जिल्हा रुग्णालयांनीही उचलली. सीहोरच्या गावांत तशीच पाहणी केली असता उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. केंद्र सुसज्ज केले; पण गावातून केंद्रापर्यंतची वाट कोणी चालले नाही. विश्रामचे कार्यकर्ते स्वतः गावांत जाऊन बोलत होते, बैठका घेत होते. दोन्ही प्रकल्पांतील माणसे कळकळीची होती, शास्त्रही एकच होते. केवळ दवाखान्याचे रजिस्टर पाहिले असते तर दोघांतील हा भेद कोणाच्याच लक्षात आला नसता.

आता बालरोगतज्ज्ञाचे पहिले कारण. वजन न वाढणारे मूल घेऊन आजी येते. मुलाची आई कोठे आहे असे विचारले की, "ती घरी आहे, तिला काही समजत नाही," असे उत्तर मिळते. निमाडी, खानदेशी, उर्दू, कोणत्याही बोलीत उत्तराचा आशय तोच. आम्ही जंतांचे औषध आणि लोहाचे सिरप लिहून देतो. आईचा आजार कोणाच्या पत्रिकेवर उमटत नाही. २००३ साली, म्हणजे बडवानीचा निबंध निघाला त्याच वर्षी, गोव्यातील एक अभ्यास बालरोगशास्त्राच्या आर्काइव्हज् ऑफ डिसीज इन चाइल्डहूड या नियतकालिकात आला होता. १७१ बालकांचा तो मागोवा होता. प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या मातांच्या बालकांपैकी ३० टक्के सहाव्या महिन्यात वजनाच्या अगदी तळच्या श्रेणीत होती. इतर मातांच्या बालकांत हे प्रमाण १२ टक्के होते. आईचे मन आणि बाळाचे वजन यांचा संबंध मोजून दाखविणारा हा आपल्या मातीतील पुरावा आहे.

मग आई बरी झाली की बाळाचे वजन वाढते का? पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात हे तपासले गेले. तेथील ग्रामीण आरोग्यसेविकांनी नैराश्यग्रस्त मातांना घरी जाऊन मानसिक आधाराचे उपचार दिले. ९०३ माता या चाचणीत होत्या व २००८ मध्ये तिचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. सहा महिन्यांनी उपचार गटातील २३ टक्के मातांत नैराश्य उरले होते, दुसऱ्या गटात ५३ टक्के मातांत. एवढा ठळक परिणाम मानसोपचारात क्वचित दिसतो. आणि बाळांचे वजन व उंची? दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. अतिसाराचे प्रमाण मात्र घटले, लसीकरण वाढले. याला यश म्हणावे की अपयश? प्रकल्पाचा मुख्य उद्देश बाळाची वाढ हा होता. त्या मापाने चाचणी फसली. मातेच्या मापाने ती उत्तम यशस्वी झाली. माझे स्वतःचे मत असे आहे की आईला आईसाठीच बरे करावे, बाळाचे वजन हे तिच्या उपचारांचे समर्थन म्हणून वापरू नये. तथापि, घरातील मुलांची नोंद ठेवली नसती तर आई सावरली तरी बाळाच्या वाढीसाठी आणखी काही करावे लागते, हे कळलेच नसते. म्हणून मनोरुग्णाच्या घरातील मुलांचे वजन, लसी व शाळेतील हजेरी या तीन गोष्टी शुश्रूषेच्या नोंदीत असाव्यात, असा माझा आग्रह आहे. आजारी बापाकडे लक्ष ठेवण्यासाठी शाळा सोडलेली मुलगी ही त्या कुटुंबाने उपचारांसाठी भरलेली फी आहे. ती कोठल्याही हिशेबात धरली जात नाही.

काळजी घेणाऱ्या माणसाविषयी मराठी प्रेक्षकांना वेगळे सांगावयास नको. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाइतकीच त्याच्या बहिणीची ओढाताण दाखविली आहे. हा चित्रपट पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या पुढाकाराने निघाला होता आणि अनेक घरांत या आजाराचे नाव प्रथम त्यामुळे उच्चारले गेले. जनजागृतीचे यश कसे मोजावे हा आणखी अवघड प्रश्न आहे. त्यात आज शिरत नाही.

रेल्वेने येणाऱ्या अनामिकांविषयी मात्र दोन वाक्ये लिहिलीच पाहिजेत. मुंबई-इटारसी लोहमार्गावरील शहरांना वाट चुकलेली, नाव न सांगता येणारी माणसे परिचित आहेत. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना अशा हजारो जणांना त्यांच्या घरी पोचविण्याच्या कार्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घर सापडणे हा अपूर्व क्षण असतो. तरीही शुश्रूषेच्या दृष्टीने तो पहिला दिवस आहे. गावी पोचलेल्या माणसाला पुढच्या महिन्याच्या गोळ्या कोण देणार, हा प्रश्न त्याच दिवशी सुरू होतो आणि त्याचे उत्तर बहुधा तालुक्याच्या जनरल प्रॅक्टिशनरने द्यावयाचे असते. म्हणजे आपणच.

तेव्हा आपल्या संघटनेस काय करता येईल? संपूर्ण जिल्हा कवेत घेण्याच्या फंदात पडू नये. खकनार भागातील चार-पाच गावे आणि शहरातील यंत्रमाग वस्तीचा एक वॉर्ड एवढेच क्षेत्र निवडावे. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, मशिदीचे मौलवी, मंदिराचे पुजारी, भगत आणि बडवा, सर्वांना विचारून घरोघरची यादी करावी. बडव्याला वगळून ही यादी होणार नाही, कारण रुग्ण प्रथम त्याच्याच दारी जातो. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा रुग्ण आपल्याकडेही पाठविण्याची विनंती करणे अधिक फलदायी. ही यादी म्हणजे आपला छेद. नावे गोपनीय राहतील अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी. लहान गावात आजाराची चिठ्ठी फुटली की मुलीचे लग्न मोडते.

मग प्रत्येकाचे एक पान. त्यावर आयडियाज्‌चे गुण वर्षातून दोनदा; औषधे महिन्यातील किती दिवस घेतली; वजन, रक्तदाब आणि रक्तशर्करा, कारण या औषधांपैकी काहींनी वजन व साखर वाढते आणि तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरण पावतात, त्यांतील बहुसंख्य हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी. हे काम तर कोणताही फिजिशियन करू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. घरातील मुलांच्या तीन नोंदी वर सांगितल्याच आहेत. बांधून वा कोंडून ठेवले आहे का, याची स्पष्ट नोंद हवी. ते लिहिताना संकोच वाटला तरी हवी. शेवटी रुग्णास एकच प्रश्न, घरचे बाहेर थांबले असताना : तुम्हाला स्वतःला काय करता यावे असे वाटते? कोणी म्हणेल मागावर बसावेसे वाटते, कोणी म्हणेल रात्री झोप हवी, कोणी म्हणेल चहाच्या टपरीवर लोकांनी हाक मारावी. वर्षाने त्याच वाक्यापुढे झाले, थोडे झाले, नाही झाले, यांपैकी एक शब्द लिहावा. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांच्या कुटुंबीयांसाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो पानाच्या माथ्यावर छापून ठेवावा. चाळीस टक्के वा अधिक अक्षमता असणाऱ्यांचे प्रमाणपत्र झाले की नाही, हाही एक रकाना असावा. त्यावर घरी येणारे चार पैसे अवलंबून असतात.

या कामास मोठा निधी लागत नाही. एक पूर्णवेळ कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती, शक्यतो त्याच परिसरातील आणि तेथली बोली बोलणारी, तिचे नियमित मानधन आणि महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञांची भेट, एवढे तीन वर्षे अखंड चालविण्याची हमी लागते. मानधन थांबले की गृहभेटी थांबतात आणि गृहभेटी थांबल्या की गोळ्या सुटू लागतात. वर्षाच्या शेवटी स्मरणिकेत अहवाल द्यावा तो असा : यादीत इतके, भेटले इतके, उपचार सुरू झाले इतक्यांचे, वर्षभर टिकले इतके, गळाले इतके, मृत्यू इतके. पहिल्या वर्षी गळालेल्यांचा आकडा टिकलेल्यांहून मोठा असेल, आणि 'कामावर परतले' हा रकाना बराचसा कोरा राहील. तो तसाच छापावा.